आकडा कमी म्हणजे पोट मजबूत असं नाही

दर सहा महिन्यांनी एकदा रस्त्यावरच्या खाण्याचा वाद नव्याने पेटतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये हैदराबादेत मोमो खाऊन एक बाई गेली, तेलंगणा सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, पुढच्या एप्रिलमध्ये तामिळनाडूनेही तेच केलं. त्याआधी मे २०२४ मध्ये मानखुर्दला शोर्मा खाऊन एक एकोणीस वर्षांचा पोरगा गेला. मग ठरलेलं नाटक सुरू होतं. एक पार्टी म्हणते गाड्या बंद करा, घाण आहे सगळी. दुसरी म्हणते अहो आम्ही लहानपणापासून गाडीवर खातोय, आमची पोटं दगड पचवतात, काही होत नाही. आणि त्यात कुणीतरी हमखास हुकमाचा पत्ता टाकतो, की तिकडे अमेरिकेत बघा, एवढं स्वच्छ एवढं पॅकबंद, तरी दरवर्षी ४ कोटी ८० लाख लोक खाण्यातून आजारी पडतात आणि ३,००० मरतात, आपल्याकडे असं कधी ऐकलंय का?

नाही ऐकलं. कारण आपण विचारलंच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा अख्खा वाद ज्या आकड्यावर चाललाय तो आकडा म्हणजे काय हे दोन्ही पार्ट्यांना माहीत नाही. आणि आपल्याला खरी गरज आहे ती 'देशात एकूण किती' या मोठ्या आकड्याची नाहीच, गरज आहे ठरावीक ठिकाणी, ठरावीक जंतूंची, वर्षानुवर्षं न थांबता चालणाऱ्या साध्या मोजणीची, आणि ती मोजणी छापा-दंड-लायसन या भानगडीपासून लांब ठेवायची. बंदी-बिंदी नंतर बघू.

आधी अमेरिकेचं बघू. हे ४ कोटी ८० लाख कुणी मोजलेले नाहीत. एवढे लोक दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये कधी आलेलेच नाहीत. त्यांच्या सीडीसीने, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०११ साली काढलेला तो अंदाज आहे, आणि त्यातला फक्त ९४ लाखांचा हिस्सा ३१ ओळखीच्या जंतूंच्या नावावर आहे, बाकीचे पावणेचार कोटींच्या वर 'कारण माहीत नाही' या खात्यात. अंदाज कसा काढतात तेही बघण्यासारखं आहे. माणूस आजारी पडतो, त्यातले थोडे डॉक्टरकडे जातात, त्यातल्या थोड्यांची शौचाची तपासणी होते, त्यातल्या थोड्यांत लॅब नेमका तो जंतू शोधते, आणि तिथून नोंद वर जाते. प्रत्येक पायरीवर गळती. ही गळती किती हे लोकांना फोन करून, लॅबना विचारून काढायचं आणि मग वरच्या चिमूटभर नोंदींना गुणायचं. साल्मोनेला या जंतूच्या एका पक्क्या नोंदीमागे त्यांनी साधारण २९ आजारी धरले. ब्रिटनवाल्यांनी २००८-०९ मध्ये हेच हजारो लोकांची दर आठवड्याला विचारपूस करून तपासलं तर राष्ट्रीय नोंदीतल्या पोट बिघडण्याच्या दर एका केसमागे समाजात १४७ निघाल्या. एकास एकशे सत्तेचाळीस, आणि हे कुठे, तर जिथे डॉक्टर फुकट आहे आणि नोंदींची सवय शंभर वर्षांची आहे तिथे.

म्हणजे अमेरिकेचा आकडा मोठा दिसतो कारण त्यांनी खोल खणलं. आपण आपल्या न खणलेल्या जमिनीकडे बोट दाखवून म्हणतोय, बघा आमच्याकडे एकही खड्डा नाही.

आता आपल्याकडची गळती, स्वतःच्या घरातली. काही वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाचं लग्न झालं, मे महिना, लोडशेडिंग, दुपारी दीडची पंगत. रात्री अकराच्या सुमारास पहिली उलटी झाली आणि पहाटेपर्यंत दोन्हीकडचं वऱ्हाड लाईन लावून उभं. किती जण? कोण म्हणतं तीस, कोण म्हणतं पन्नास. निम्म्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या, मेडिकलवाल्याने नाव-गाव न विचारता जुलाबाच्या गोळीसोबत इलेक्ट्रॉलची पाकिटं दिली, सात-आठ जणांना गावातल्या डॉक्टरने सलाईन लावलं आणि कागदावर लिहिलं 'गॅस्ट्रो', दोघांना तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात ॲडमिट केलं, तिथेही गॅस्ट्रो. शौचाची तपासणी एकाचीही नाही. कुणाच्या रजिस्टरमध्ये विषबाधा हा शब्द नाही. केटरर ओळखीतला, मुलीकडच्यांना वाईट वाटेल, लग्नघरात कोण तक्रार करत बसतं, झालं गेलं गंगेला मिळालं. सरकारी हिशेबात त्या दिवशी आमच्या गावात सगळी पोटं ठणठणीत होती.

आपल्याकडे यंत्रणा नाही असं नाही हां. २००४ पासून आयडीएसपी आहे, रोगांवर नजर ठेवायचा देशव्यापी कार्यक्रम. नर्सबाई लक्षणांवरून एस फॉर्म भरते, पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) डॉक्टर पी फॉर्म, लॅबचा एल फॉर्म. २०२१ पासून हे सगळं आयएचआयपी नावाच्या पोर्टलवर जातं. दर आठवड्याला साथींची यादी निघते आणि त्या यादीत वर्षानुवर्षं जुलाब आणि अन्नविषबाधा याच दोन गोष्टी वरच्या बाजूला असतात. आशाताई आणि नर्सबाया जे काम तुटपुंज्या पैशात करतात त्याला माझा नमस्कारच आहे. पण ही जाळी कशी विणलीय बघा, तिच्यात फक्त मोठा मासा अडकतो. सप्ताहाचा महाप्रसाद, आश्रमशाळेचं जेवण, वसतिगृह. म्हणजे एकाच गावात एकाच रात्री शे-दोनशे माणसं आडवी झाली पाहिजेत, तर दिसणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला एकादशीची भगर-आमटी खाऊन लोक आजारी पडले, दवाखान्यात खाटा नाहीत म्हणून बाहेर झाडांना दोऱ्या बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या लटकवल्या, फोटो देशभर फिरले. ही एवढी गाजलेली घटना, तरी त्या दिवसांतल्या बातम्या काढून बघा, कुठे दोनशे, कुठे तीनशे, कुठे पाचशेच्या वर. आणि ही तर सगळ्यात उजेडातली. नागपूरच्या एका कारखान्यातल्या पॅकेटचा माल सोलापूर, नांदेड, पणजी असा पसरला आणि प्रत्येक गावात दोन-दोन माणसं आजारी पडली, तर ते कुणाला दिसणार? (नागपूर उदाहरणादाखल, उगाच कुणी अंगावर घेऊ नका.)

मृत्यूचं तर विचारूच नका. देशात नोंद होणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेले २०२० साली फक्त २२.५ टक्के होते. पाचातल्या जवळपास चार मृत्यूंचं कारण कागदावरच नाही. आणि जिथे आहे तिथे तरी काय, सत्तरीची आजी तीन दिवस जुलाबांनी कोरडी पडली, किडनी गेली, मग हृदय थांबलं, तर सर्टिफिकेटवर शेवटचं हृदयाचंच नाव येणार. पोलिसांकडे जातात त्या केसेसची वेगळी मोजदाद असते, पण पोलिसांकडे कोण जातं? कीटकनाशक पोटात गेलं तर जातात. २०१३ साली बिहारात गंडामन गावच्या शाळेत दुपारच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेलं आणि २३ मुलं मेली, ते मोजलं गेलं, खटला झाला, मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली. जुलाबाने मेलेल्या पोराचा पंचनामा होत नाही.

आता समोरच्यांचे मुद्दे. त्यातले काही खरंच वजनदार आहेत, उडवून लावण्यासारखे नाहीत.

पोटं मजबूत असतात हा मुद्दा घ्या. यात तथ्य आहे. एखाद्या जंतूशी लहानपणापासून वारंवार गाठ पडली की मोठेपणी त्याचा त्रास कमी होतो, परदेशी पाहुणा दोन दिवसांत आडवा होतो आणि आपण त्याच ताटातलं खाऊन ढेकर देतो हे काही थोतांड नाही. पण ही मजबुती फुकट येत नाही ना. ती कमवायची किंमत पाच वर्षांखालची पोरं देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० सालासाठी काढलेला अंदाज आहे, जगात ६० कोटी लोक खाण्यातून आजारी आणि ४ लाख २० हजार मृत्यू, त्यातले सव्वा लाख पाच वर्षांखालचे. लोकसंख्येत ही मुलं दहा टक्केसुद्धा नाहीत, मृत्यूत तीस टक्के. 'आम्हाला काही झालं नाही' हे म्हणायला जे उरले तेच म्हणतायत. ज्यांना झालं ते वादात भाग घ्यायला नाहीत.

दुसरा मुद्दा जास्त अवघड. जुलाब पाण्याने झाले की अन्नाने हे आपल्याकडे सांगणार कसं? चटणीत टँकरचं पाणी, पाण्यात गटार, हात न धुतलेले. आणि ज्या पीएचसीत साधी रक्ताची तपासणी धड होत नाही तिथे स्टूल कल्चरच्या, म्हणजे शौचातला जंतू वाढवून ओळखायच्या, गप्पा मारणं म्हणजे घरात नाही पीठ आणि चालले जत्रेला. मान्य, शंभर टक्के मान्य. म्हणून तर मी म्हणतो की सगळ्या देशात सगळं मोजायच्या नादाला लागू नका. अमेरिकेतसुद्धा ते केलं नाही. १९९३ साली तिथे एका हॅम्बर्गरच्या साखळीतून इ. कोलायची साथ पसरली, सातशेच्या वर लोक आजारी पडले आणि चार लहान मुलं गेली, त्या धक्क्यातून १९९६ च्या सुमारास दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक पल्सनेट, म्हणजे वेगवेगळ्या गावच्या रुग्णांमधल्या जंतूंचे ठसे जुळवून बघणाऱ्या लॅबचं जाळं. दुसरं फूडनेट, फक्त दहा ठिकाणं, देशाची साधारण १५ टक्के लोकसंख्या, आठच जंतू, पण तिथल्या लॅबनी कळवायची वाट न बघता माणूस स्वतः जाऊन विचारणार, या आठवड्यात किती सापडले? बस. बाकीच्या ८५ टक्क्यांबद्दल अंदाजच. आपल्याकडे चार मेडिकल कॉलेजं आणि त्यांच्या आसपासचे तीस-चाळीस खाजगी दवाखाने धरून हे महाराष्ट्रात करता येणार नाही? पाणी की अन्न हा गुंताही तिथेच सुटायला लागतो, न मोजता तर तो जन्मात सुटणार नाही.

आणि नसलेल्या मोजणीची किंमत आपण पुण्यात नुकतीच मोजलीय. जानेवारी २०२५, सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. धडधाकट माणसांचे पाय लुळे पडायला लागले, व्हेंटिलेटरवर जायला लागले, जीबीएस (गियाँ-बारे, नसांवर हल्ला करणारा आजार) हा शब्द रिक्षावाल्याच्या तोंडी आला. दोनशेच्या आसपास रुग्ण, काही मृत्यू खात्रीचे, काही संशयित. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा पोट बिघडवणारा जंतू निघाला, काहींत नोरोव्हायरस. लगेच चिकन बंद, पनीर बंद, कुणी पाण्याकडे बोट दाखवतंय, कुणी कोंबडीकडे, पोल्ट्रीवाले बोंबलतायत. सगळ्यात साधा प्रश्न होता की पुण्यात एरवीच्या जानेवारीत कॅम्पिलोबॅक्टर किती जणांत सापडतो? त्याचं उत्तर द्यायला वर्षानुवर्षांची आकडेवारी लागते, आणि हा जंतू आपल्या साध्या लॅबमध्ये कुणी शोधतच नाही, त्याला वेगळं वाढवावं लागतं. आता एक ढोबळ गणित करा. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारातल्या एकाला जीबीएस होतो असं मानतात. पुण्यातल्या दोनशेपैकी शंभरच जणांना त्यातून झाला असं धरलं तरी मागे लाखभर लोकांचं पोट बिघडलेलं असणार. गणित कच्चं आहे, पन्नास हजार म्हणा, वीस म्हणा. पण कुठे होते ते वीस हजार? मेडिकलच्या काउंटरवर होते. पहिली घंटा वाजली ती न्यूरोलॉजीच्या वॉर्डात, म्हणजे धूर दिसायच्या आधी छप्पर कोसळलं.

यावर कुणी म्हणेल, तुमच्या त्या आदर्श अमेरिकेनेच आता हात आखडता घेतलाय. बरोबर. जुलै २०२५ पासून फूडनेटच्या ठिकाणांना आठऐवजी फक्त दोनच जंतूंची मोजणी सक्तीची राहिली, साल्मोनेला आणि विष तयार करणारा इ. कोलाय. वगळलेल्या सहात कॅम्पिलोबॅक्टरही आहे. तो आमच्या सिंहगड रोडवाला. मला यात 'बघा त्यांनाही गरज वाटत नाही' असं दिसत नाही, मला दिसतं की मोजणी बंद करणं हे बजेटातलं सगळ्यात सोपं कलम असतं, कारण बंद केल्यावर काही वाईट झालेलं दिसतच नाही. न दिसण्याचीच तर सोय केलेली असते.

आकडे डळमळीत असतात हाही आरोप खरा. अमेरिकेचाच १९९९ चा अंदाज ७ कोटी ६० लाख आजारी आणि ५,००० मृत्यू असा होता, तो २०११ मध्ये ४ कोटी ८० लाख आणि ३,००० झाला, आणि सीडीसीने स्वतःच सांगितलं की याला सुधारणा समजू नका, आमची पद्धत बदललीय. मग अशा आकड्याचा उपयोग काय? देशांची शर्यत लावायला काहीच नाही. पण त्याच दहा ठिकाणी त्याच पद्धतीने दरवर्षी मोजलेला आकडा वर गेला की खाली, हे पक्कं कळतं. घरातला वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी आपण जाडे होतोय की बारीक हे तो बरोबर सांगतो, काटा रोज बदलला नाही म्हणजे झालं.

आणि मृत्यूंच्या बाबतीत तर आपल्याच देशाने हे करून दाखवलंय, सापांच्या बाबतीत. सरकारी दवाखान्यांच्या हिशेबात सर्पदंशाने मरणारे वर्षाला हजार-दीड हजार असायचे. मग घरोघरी जाऊन, मेलेल्या माणसाच्या घरच्यांना शेवटचे दिवस कसे गेले हे विचारून लाखाच्या वर मृत्यूंची कारणं लावली गेली आणि २००५ सालासाठी आकडा आला ४५,९००. तीस पटीच्या वर. त्यानंतर जगाने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं आणि २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. साप तेव्हाही चावत होते. जुलाबाने गेलेल्याच्या घरच्यांना 'आदल्या दिवशी काय खाल्लं होतं' हा एक प्रश्न जास्तीचा विचारायला काय लागतं?

आता राहिला माझ्या दृष्टीने सगळ्यात जोरकस आक्षेप, आणि तो गाडीवाल्याचा आहे. तो म्हणेल साहेब, तुमची मोजणी म्हणजे माझ्याकडून वाढीव हप्ता. खरंय त्याचं. आपल्याकडे आकडा हा नेहमी कुणाच्या तरी पाठीवर उमटतो आणि ती पाठ मोठ्या कंपनीची क्वचितच असते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस या गोव्याच्या माणसाने गाठीचा प्लेग ओळखला तेव्हा आधी लोकांचा विश्वासच बसेना, आणि मग जेव्हा सरकारने मनावर घेतलं तेव्हा असं घेतलं की नोंद म्हणजे घरात शिरणारे सोल्जर, सामानाची होळी आणि माणसाची छावणीत रवानगी. परिणाम काय झाला? लोकांनी रुग्ण माळ्यावर लपवले, मयत लपवले, गाव सोडून पळाले आणि प्लेग सोबत घेऊन गेले. नोंदीला शिक्षा चिकटवली की नोंद मरते, हे पुण्या-मुंबईइतकं कुणालाच माहीत नसावं.

पण गंमत म्हणजे आज आपण नेमकं तेच करून ठेवलंय. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, त्यात कलम ३५ आहे, डॉक्टरांनी त्यांच्याकडे आलेल्या अन्नविषबाधेच्या केसेस कळवाव्यात असा आदेश काढता येतो. म्हणजे कायदा आहेच. त्याच कायद्यात कलम ६५ आहे, ग्राहक मेला तर किमान पाच लाख भरपाई. भरपाई हवीच, पण एकच दार दोन्हीकडे उघडत असेल तर डॉक्टर विचार करतो की मी कळवलं म्हणजे कोर्टात साक्षीला मीच, केटरर गावातला, उद्या माझ्या पोरीच्या लग्नाला तोच. तो गॅस्ट्रो लिहितो आणि मोकळा होतो. मी त्याला दोष देत नाही. टीबीचंही असंच होतं, २०१२ मध्ये नोंद सक्तीची झाली, खाजगी डॉक्टरांनी वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलं नाही, मग पोर्टल सोपं केलं, २०१८ पासून नोंदीमागे पाचशे रुपये द्यायला लागले, मदतीला माणूस दिला, आणि आज देशातल्या जवळपास तीनातली एक नोंद खाजगीतून येते. तसंच इथे करा, नोंद आरोग्य खात्याकडे, नाव-पत्ता झाकलेला, आणि एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) छाप्याची फाईल वेगळ्या टेबलावर.

उलट मोजणीच गाडीवाल्याला वाचवते. २०११ च्या मे महिन्यात जर्मनीत इ. कोलायची साथ आली, चार हजारांच्या घरात आजारी आणि पन्नासच्या वर मृत्यू. हॅम्बर्गच्या अधिकाऱ्यांनी घाईघाईने सांगितलं की स्पेनची काकडी. स्पेनच्या शेतकऱ्यांनी काकड्या अक्षरशः फेकल्या, कोट्यवधी युरो बुडाले. काकडी निर्दोष होती. खरा गुन्हेगार निघाला मोड आलेली मेथी, बी इजिप्तचं. तो कसा सापडला हे मला फार आवडतं. आजारी लोकांना काय खाल्लं विचारलं तर मोडं कुणाला आठवेनात, ती ताटात सजावटीला होती. मग तपास करणाऱ्यांनी ल्युबेकच्या एका रेस्टॉरंटात कुठल्या टेबलावर कुठली डिश गेली हे काढलं आणि आचाऱ्याला विचारलं की त्या डिशमध्ये तू काय काय टाकतोस. आजारी आणि ठणठणीत, दोघांची ताटं शेजारी ठेवली. तेलंगणात मेयोनीजवर बंदी घालताना किती निरोगी माणसांची ताटं तपासली होती?

हे लिहिता लिहिता मावशीला फोन केला, म्हटलं त्या लग्नात नक्की किती जण आजारी पडले होते गं. तिने आहेराची वही काढली आणि फोनवरच एकेक नाव घेत गेली. त्रेचाळीस. कोण कुठल्या पंगतीला बसलं होतं हेही तिला पाठ. पहिल्या पंगतीत कुणाला काही नाही, बासुंदी तेव्हा पोचायचीच होती. दुसऱ्या-तिसऱ्या पंगतीत ज्यांनी बासुंदी खाल्ली त्यातले बहुतेक आडवे, आणि ज्यांनी शुगर म्हणून वाटी बाजूला सारली ते सहाच्या सहा ठणठणीत. शुगरवाल्यांत एकटे आमचे नाना आजारी पडले होते. त्यांनी बासुंदी खाल्ली होती हे मामीला त्याच रात्री कळलं.